पेंधरची मेट्रो आली, पण सोसायटीत नक्की कोणाचं काय बदललं?

नवी मुंबईच्या टोकाला असलेल्या तळोजा फेज १ मधली एक सोसायटी घ्या. नाव सांगत नाही, कारण इथे सगळ्या साधारण सारख्याच. सात मजले, खाली स्टिल्ट पार्किंग, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, आणि वारा एमआयडीसीच्या बाजूने आला की रात्री खिडक्या लावून घ्यायच्या. पेंधर मेट्रो स्टेशन पायी दहा-बारा मिनिटांवर. मी इथेच राहतो आणि कमिटीतही आहे, त्यामुळे कोण कुठे कामाला जातं, कोणाची पोरगी कुठल्या कॉलेजात, कोणत्या भाडेकरूने घर का सोडलं हे न विचारताच कळत राहतं. मेट्रोने काय फायदा झाला यावर गेटपाशी इतक्या वेळा वाद झालेत, आणि प्रत्येक जण फक्त स्वतःचंच सांगतो, म्हणून म्हटलं सगळ्यांचं एका जागी लिहून काढू, एका बिल्डिंगचं प्रकरण समजा.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर एका मेट्रोवरून एवढं काय असं वाटेल.

नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी १९७० साली आली. सुरुवातीला वाशी-नेरूळला राहायला गेलेल्या लोकांचेही हाल झालेच, पण तिथे १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली, मग बेलापूर, १९९८ ला पनवेल. आणि ती रेल्वे काही आपोआप नाही आली, खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. म्हणजे शहर बांधणाऱ्यानेच रेल्वेचे बहुतेक पैसे भरले. म्हणून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर बघितलं तर स्टेशन मधे आणि वस्ती त्याच्या भोवती. खारघरला मात्र स्टेशन पार एका टोकाला, सायन-पनवेल हायवेच्या कडेला, आणि वस्ती डोंगराकडे लांबच लांब पसरत गेलेली. आणि तळोजा त्याच्याही पलीकडे. इथे घरं आधी झाली आणि येण्याजाण्याचं नंतर बघू असं झालं.

मेट्रोचं भूमिपूजन २०११ च्या मे महिन्यात. बेलापूर ते पेंधर ११ किलोमीटरच्या थोडं वर, ११ स्टेशनं. त्या वेळी इथे फ्लॅट बुक करणाऱ्या प्रत्येकाला बिल्डरच्या ऑफिसात मेट्रोचा नकाशा दाखवलेला, दोन-तीन वर्षांत येतेय बघा म्हणून. मग काम रखडलं, मधे ठेकेदार बदलले, कित्येक वर्षं खांब उभे आणि वर काही नाही. मग नागपूर-पुण्याची मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोला मदतीला घेतलं. २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत सुरक्षेची मंजुरी पण आलेली, गाड्या रिकाम्या वरून ये-जा करत होत्या आणि आम्ही खाली रिक्षात सीट भरायची वाट बघत बसलेलो. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ ला कुठलाही मोठा कार्यक्रम न करता सुरू केली. बारा वर्षं. बुकिंगच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर सातवीत पोहोचलेलं.

आता आधी लोक काय करायचे ते. तळोजा पाचनंद नावाचं रेल्वे स्टेशन आहे आमच्याकडे, पण ते दिवा-पनवेल लाइनवर, तिथे दिवसभरात मोजक्याच मेमू, ती चुकली तर पुढची बघत बसा. बस होती, पण तिची वेळ आणि आपली वेळ जुळली तर नशीब. त्यामुळे खरा आधार म्हणजे शेअर रिक्षा, खारघर स्टेशनपर्यंत, किंवा आधी एका नाक्यापर्यंत आणि तिथून दुसरी. "दादा, स्टेशन?" म्हटलं की "बसा, अजून एक सीट येऊ द्या." मग उत्सव चौक, मग हिरानंदानीजवळचं जाम, मग हायवे. एखाद्या दिवशी अर्ध्या तासात पोहोचवलं, आणि पाऊस पडला की तोच रस्ता सव्वा तास.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. लोक वेळेचं गणित मांडताना फक्त किती मिनिटं वाचली ते बघतात, आणि तेवढंच बघितलं तर मेट्रोने फार मोठी क्रांती वगैरे केलेली नाही. स्टेशनला चालत जा, तपासणी, गाडीची वाट, साधारण वीस मिनिटांचा प्रवास, बेलापूरला उतरून परत चालत लोकलच्या फलाटावर. चांगल्या दिवशीची रिक्षा याच्यापेक्षा फार मागे नव्हती. फरक वाईट दिवसाचा आहे. आधी वाईट दिवस कधी येईल ते माहीत नसायचं, म्हणून रोजच मार्जिन ठेवून निघावं लागायचं, आणि ते मार्जिन रोज वाया जायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताई वाशीला एका ऑफिसात अकाउंट्स बघतात, नऊला पंचिंग. आधी पावणेसातला घराबाहेर. बहुतेक दिवशी आठ-सव्वाआठलाच वाशीत पोहोचून ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत बसायच्या, कारण महिन्यात दोन-तीनदा तरी रिक्षा-जाम-लोकल असं सगळं एकदम बिघडायचं, आणि तीन लेट मार्कला अर्धा दिवस पगार कट. आता त्या साडेसातला निघतात. म्हटलं तर पाऊण तास. पण तो सकाळचा पाऊण तास आहे, डबा आणि शाळेचा, आणि त्या म्हणतात की आधी पोराला झोपेतच सोडून यायचे, आता त्याला बसमधे बसवून निघते. हे कुठल्या रिपोर्टात येत नाही, कारण रिपोर्टात प्रवासाचा वेळ मोजतात, घरातून किती आधी निघावं लागलं ते नाही मोजत.

अजून एक गोष्ट त्यांच्यामुळेच मला कळली. मेट्रो खारघर स्टेशनला जातच नाही, ती बेलापूरला जाते, आणि यावर सुरुवातीला लोक जाम चिडलेले की खारघरची मेट्रो खारघर स्टेशन सोडून कशी काय काढली. पनवेलकडे जाणाऱ्याला तर उलटंच जावं लागतं, त्याचा राग बरोबरच आहे. पण मुंबईकडे जाणाऱ्याला बेलापूरहून सुटणाऱ्या लोकल मिळतात. खारघरला पनवेल लोकल भरून यायची, दारात लटकायचं. बेलापूर लोकलला लवकर पोहोचलं तर बसायला मिळतं. वाशीपर्यंत काय, उभं राहून पण जाता येतं, पण सीएसएमटीला जाणाऱ्याला एक तास बसून जायला मिळणं म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर माणसासारखं बोलता येणं.

आता चौथ्या मजल्यावरच्या दोन बहिणी. मला विचाराल तर सगळ्यात मोठा पुरावा हाच. मोठी दहावी झाली तेव्हा मेट्रो नव्हती. पोरगी हुशार, सायन्स घ्यायचं होतं, खारघरमधे कॉलेज मिळत होतं. वडील म्हणाले, सकाळी साडेसहाला रिक्षात अनोळखी लोकांत रोज, आणि क्लास सुटून येताना अंधार, नको. जवळ होतं तिथे कॉमर्स घेतलं. यात कोणी वाईट नाही, बाप म्हणून मी पण कदाचित हेच केलं असतं. धाकटी २०२४ ला दहावी झाली. तिला कोणी काही विचारलंच नाही, खारघरला सायन्स, मेट्रोने जाते, मैत्रिणी आहेत बरोबर, स्टेशनवर लाइट, कॅमेरे, गार्ड. एकाच घरातल्या दोन पोरी, तेच आईबाप, तेवढीच ऐपत. एकीचा विषय अंतराने ठरवला, दुसरीचा तिने स्वतः. मोठी आता बीकॉमला आहे, तिला एकदा सहज विचारलं तर म्हणाली, "काका, आता त्याचं काय." पुढे मी विचारलं नाही.

पुरुषांचं चित्र वेगळं आहे आणि ते मला आधी अपेक्षित नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधे ज्यांच्याकडे बाइक आहे त्यातले बरेच अजून बाइकनेच जातात, खारघर स्टेशनला पे अँड पार्कमधे लावतात आणि पुढे लोकल. कारण पैसे. मेट्रो सुरू झाली तेव्हा पेंधर ते बेलापूर ४० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन ८०, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,०००. सप्टेंबर २०२४ मधे भाडं कमी केलं, ४० चे ३० झाले, तरी १,५०० होतात. आणि लोकलचा सेकंड क्लासचा पास काही शेकड्यांत मिळतो, पण तो पास मेट्रोत चालत नाही. म्हणजे फोर्टला जाणाऱ्या माणसाचा पहिल्या ११ किलोमीटरचा खर्च हा पुढच्या सगळ्या प्रवासाच्या कितीतरी पट. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणतात तेवढ्यात माझं पेट्रोल आणि पार्किंग बसतं, आणि येताना भाजी पण घेऊन येतो. बरोबर आहे त्यांचं. फक्त ती बाइक एकच असते, ती सकाळी ते घेऊन गेले की मागे घरात जे राहतात त्यांचं काय, हा प्रश्न आधी कोणी विचारायचा नाही. मेट्रोचं उत्तर बहुतेक त्यांच्यासाठीच आहे. बायका, कॉलेजच्या पोरी, रिटायर्ड माणसं. दुपारी अकरा ते चार गाडीत बघा कोण बसलंय, सगळं लक्षात येईल.

पहिल्या मजल्यावरचे आजोबा सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले. मुलाकडे राहायला गावाहून आले आणि दोन वर्षं बिल्डिंगच्या गेटबाहेर जवळपास गेलेच नाहीत, रिक्षात चढता यायचं नाही आणि मुलाला सुट्टी रविवारी. आता स्टेशनपर्यंत सून किंवा नातू सोडतो, वर लिफ्ट आहे, गाडीत चढायला पायरी नाही, सेंट्रल पार्कला उतरतात. तिथे त्यांच्यासारखेच चार जण जमलेत, एक साताऱ्याकडचे, एक खानदेशातले, राजकारणावर भांडत बसतात. डॉक्टरने जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं ते आता चालतात.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा हिशोब फार बारीक. त्या आमच्याकडे दोन घरं करून मग खारघरच्या बाजूला अजून काम करायच्या, मधलं अंतर चालत. सुरुवातीच्या भाड्यात दोन स्टेशनांसाठी पण विचार करायच्या. दर कमी झाल्यावर जवळचा टप्पा १० रुपये झाला, चार किलोमीटरपर्यंत. आता जाताना चालत जातात आणि येताना दुपारी उन्हात मेट्रो. रोज नाही. महिन्याच्या शेवटी परत दोन्ही वेळा चालत. भाडेकपातीची बातमी वाचताना आपण म्हणतो दहा रुपयांनी काय होतं, त्याचं उत्तर या मावशी आहेत.

आता नुकसान कोणाचं झालं ते पण लिहायला हवं, नाहीतर हे जाहिरातीसारखं वाटेल.

भाडेकरू. मेट्रो चालू होणार हे पक्कं झाल्याबरोबर इथल्या एजंटांनी बोर्ड बदलले, "मेट्रोपासून पाच मिनिटं" वगैरे, धावत गेलात तर पाच मिनिटं. आमच्या बिल्डिंगमधे दोन नर्स मुली शेअरिंगमधे राहायच्या, खारघरच्या हॉस्पिटलात ड्युटी. त्यांना मेट्रोचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असता. पण ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट संपलं तसं मालकाने दोन हजार वाढवून मागितले, त्या फेज २ ला गेल्या, जिथून मेट्रोपर्यंत यायलाच परत रिक्षा. म्हणजे स्टेशन आलं आणि त्या स्टेशनपासून लांब गेल्या. आणि मालक मंडळींचं काय, आम्ही फ्लॅटधारक आहोत, किंमत वाढली की आतून बरंच वाटतं, मीटिंगमधे कोणी याला नुकसान म्हणणार नाही.

फेज २ चा विषय निघालाच आहे तर, तिथे सगळं परत पहिल्यापासून चालू आहे. सिडकोने २०१८ मधे १४,८३८ घरांची मोठी लॉटरी काढलेली, तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरी मिळून, आणि तळोज्यातल्या नव्या टॉवरमधे लोक राहायला आलेत, बरेचसे परवडणाऱ्या घरांच्या योजनेतले. म्हणजे ज्यांच्याकडे गाडी असण्याची शक्यता कमी अशी माणसं स्टेशनपासून जास्त लांब. पेंधरला उतरून त्यांची खरी परीक्षा सुरू होते. तिथे जे रिक्षावाले आधी खारघर स्टेशनच्या लांब फेऱ्या मारायचे ते आता पेंधर ते फेज २ मारतात. आमच्या नाक्यावरचा एक रिक्षावाला म्हणतो धंदा बुडाला नाही, छोटा झाला, दिवसभर तेच तेच गोल गोल. सीट भरल्याशिवाय मात्र अजूनही हलत नाही.

मग मेट्रोच्या वेळेला जोडून छोटी बस का नाही? हा प्रश्न आम्ही कमिटीतर्फे लेखी विचारला. आणि विचारताना लक्षात आलं की नक्की कोणाला विचारायचं हेच ठरत नाही. आमची घरपट्टी पनवेल महापालिकेला जाते, जी २०१६ ला झाली. एनएमएमटीची बस ही शेजारच्या नवी मुंबई महापालिकेची. मेट्रो सिडकोची आणि चालवते महामेट्रो. लोकल रेल्वेची. रिक्षाचं परमिट आरटीओचं. एका माणसाच्या एका प्रवासात एवढी ऑफिसं, आणि प्रत्येकाची हद्द तिथे संपते जिथे आपण उतरतो. आमचं पत्र एका टेबलवरून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथून सांगितलं हे आमच्याकडे येत नाही. उद्धट कोणीच नव्हतं, उलट एका साहेबांनी चहा विचारला. पण त्या बसचं काम त्यांच्यापैकी कोणाच्याच यादीत नव्हतं.

सोसायटी ते स्टेशन हा रस्ता पण असाच. स्टेशनच्या आत सगळं चकाचक, खाली उतरून बाहेर पडलं की फूटपाथ मधेच संपतो, तिथे कोणाची तरी वाळू पडलेली, पुढे दोन दिवे बंद, मग कुत्र्यांची टोळी. दिवसा काही नाही वाटत. रात्री वाटतं. पावसाळ्यात रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात पाणी साचलं की तिकडून येणाऱ्यांना मेट्रो असून नसल्यासारखी.

आणि वेळ. सुरुवातीला सकाळी ६ ते रात्री १०, दर १५ मिनिटांनी. २०२४ च्या जानेवारीपासून गर्दीच्या वेळी १० मिनिटांनी केली, ते खूप बरं झालं. पण रात्री दहाच्या आसपास दुकान बंद ते बंदच. वाशीच्या मॉलमधे काम करणारी दोन मुलं आमच्याकडे आहेत, त्यांची दुकानं बंद होऊन हिशोब होईपर्यंत दहा तिथेच वाजतात. ते बेलापूरला पोहोचतात तेव्हा मेट्रोच्या जिन्याचं शटर खाली. मग खारघरपर्यंत लोकल, आणि तिथून मागतील ते भाडं. सकाळी जाताना ते मेट्रोने जातात, म्हणजे आकडेवारीत ते मेट्रोचे प्रवासी आहेत. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, आम्ही रिक्षानेच येतो. आमच्या वॉचमनला तर शून्य उपयोग, त्याची ड्युटी रात्री आठला सुरू आणि सकाळी आठला संपते, आणि तो राहतो फेज २ च्या पलीकडे गावात, सायकलवर येतो.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं पण सुरू झाली, आणि आता सोसायटीत नवीन चर्चा की मेट्रो तिथपर्यंत नेणार. नकाशे परत फिरायला लागलेत. मला त्या नकाशाचं एवढं कौतुक नाही, २०११ चा नकाशा बघितलाय. विमानतळावर काम म्हणजे शिफ्ट ड्युटी, पहाटे चार नाहीतर मध्यरात्री सुटका, त्यामुळे रूळ कुठपर्यंत जातात याच्याआधी शेवटची गाडी किती वाजता हे विचारायला हवं असं मी मीटिंगमधे म्हटलं, तर एकाने लगेच म्हटलं, "अहो आधी येऊ तर द्या."

तोवर बायकांनी स्वतःपुरता एक उपाय काढलाय. रात्रीच्या शेवटच्या दोन गाड्यांनी येणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, आसपासच्या चार-पाच सोसायट्यांतल्या. बेलापूरला चढलं की कुठल्या डब्यात आहे तो मेसेज टाकायचा, पेंधरला तिकीट काउंटरपाशी थांबायचं, सगळ्या जमल्या की एकत्र निघायचं. वाशीवाल्या ताई ऑडिटच्या दिवसांत त्यातच असतात. फेज २ ला जाणाऱ्यांसाठी एक रिक्षावाला ठरवलाय, तो त्या वेळेला येऊन उभा राहतो, आणि फक्त त्या फेरीला तीन सीट झाल्या तरी निघतो. बंद दिव्यांची तक्रार याच ग्रुपवरून रोज एकीने अशी टाकत राहिल्या, प्रत्येक वेळी खांबाचा फोटो काढून, तेव्हा दोनातला एक लागला. दुसऱ्या खांबाबद्दल उत्तर आलंय की तो वेगळ्या विभागाच्या हद्दीत येतो.